निम्मा कोबी

२९ सप्टेंबर, रविवार

ही वही कृषी संघाने बाबांना भेट दिली होती. प्रत्येक पानाच्या तळाशी आज काय लावावं ते छापलेलं आहे. बाबांनी ती उघडूनही पाहिली नाही. कागदाने सांगितलं म्हणून मी मुळा लावायचा का, म्हणाले. मग मी उचलली. आजच्या पानावर ‘लसूण लावण्यास उत्तम दिवस’ असं आहे. माझ्याकडे लसूण नाही, म्हणून लिहायला बसले.

परिस्थिती अशी. मी शहरात, ताइचुंगला, कृषी अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रवेशाच्या अर्जात हा विषय मी एकोणिसाव्या क्रमांकावर लिहिला होता आणि त्यांनी अगदी आठवणीने तोच दिला. गावाला वाटतं मी शेती शिकते. श्वेई-वांग काका, म्हणजे ज्यांच्या बांधाला आमचा बांध लागलेला आहे ते, दर वेळी भेटले की विचारतात, कुदळीचा दांडा कुठल्या बाजूला असतो ते झालं का शिकवून. शेतीच शिकायची तर एवढी फी कशाला, आम्ही फुकट शिकवली असती, वर दुपारची पेजही दिली असती, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मागच्या सत्रात माझे निम्मे विषय उडाले. दोष सांख्यिकीचा आहे, पण नाट्यमंडळाचाही थोडा हात आहे. असं दोनदा झालं की नाव काढून टाकतात. या सत्रातले विषय कागदावर मांडून पाहिले. काही नक्की सुटतील, काही नक्की बुडतील आणि सगळं येऊन अडतं ते शेतमाल विपणन या एका विषयावर. तो सुटला तर पदवी. नाही सुटला तर बाबांच्या शेजारी गाडीत बसून पहाटे शीलुओचा भाजीबाजार. मला पहाट आवडत नाही.

२ ऑक्टोबर, बुधवार

विपणन शिकवतात त्या प्राध्यापिका वेन. साठीच्या आहेत, केस मुलासारखे कापलेले, आणि त्या हसल्याचं विभागात कुणाच्या पाहण्यात नाही. आज त्यांनी सांगितलं की लेखी परीक्षा नाही. प्रत्येकाने खऱ्या शेतकऱ्यांच्या एका गटाला एक सल्ला द्यायचा, तो त्यांच्याकडून पाळून घ्यायचा आणि काय झालं ते मोजायचं. सल्ला पाळला गेला नाही तर नापास. एका मुलाने विचारलं, सल्ला चांगला होता पण शेतकऱ्यांनी ऐकलंच नाही तर? बाई म्हणाल्या, “तर तो सल्ला नव्हता. ते तुझं मत होतं.”

मला मात्र लॉटरी लागल्यासारखं वाटलं. बाकीचे शहरातले, त्यांना शेतकरी शोधण्यापासून सुरुवात. माझ्याकडे एकवीस घरांचं गाव आहे आणि त्यातले निम्मे ल्याओ, म्हणजे आमच्याच भावकीतले. आणि संधीही दारात चालून आली आहे. गेल्या आठवड्याच्या वादळाने सगळ्यांचा भाजीपाला झोपला. कोबीचा गड्डा कोंबडीच्या भावाने चालला आहे. म्हणजे आता सगळं गाव कोबी लावायला धावणार, डिसेंबरच्या शेवटी सगळ्यांचा एकदम निघणार आणि भाव मातीत जाणार. हे पुस्तकात तिसऱ्या प्रकरणात आकृतीसकट आहे.

५ ऑक्टोबर, शनिवार

आज भूमिदेवाच्या देवळाच्या अंगणात सभा घेतली. चहा, शेंगदाणे, एकवीस घरांतून एकोणतीस माणसं. मी फरशीवर खडूने आकृती काढली. भाव चढला की सगळे लावतात, भाव पडतो. पडला की कुणीच लावत नाही, मग पुन्हा चढतो. रेषा काढत गेलं की कोळ्याचं जाळं तयार होतं. श्वेई-वांग काकांनी विचारलं, यात माशी कोण? मी म्हटलं प्रश्न शेवटी घेऊ.

माझा सल्ला साधा होता. दर साली लावता त्याच्या निम्माच कोबी लावा. आपल्या पट्ट्यातला डिसेंबरअखेरचा कोबी म्हणजे मुख्यतः आपलाच, तेव्हा एकवीस घरांनी हात आवरला तर भाव टिकेल. उरलेल्या जागेत मटार लावा, मेथी लावा, काही लावा.

मला वाटलं होतं टिंगल करतील. पण त्यांनी अगदी लक्ष देऊन ऐकलं. काकांनी तर तीन वेळा विचारलं, बाकीच्यांनी निम्मा लावला तर भाव नक्की राहील? मी म्हटलं, नक्की. बाकीच्यांनी ना, ते पुन्हा म्हणाले. मी म्हटलं, हो, बाकीच्यांनी. ते समाधानाने मागे टेकले. इतका चांगला विद्यार्थी आमच्या वर्गातही नाही.

मग देवाला कौल लावला. लाकडाच्या दोन चंद्रकोरी टाकायच्या. एक उताणी, एक पालथी पडली तर होकार, दोन्ही पालथ्या तर नकार आणि दोन्ही उताण्या पडल्या तर देव हसला. सलग तीन होकार लागतात. पहिले दोन होकार आले. तिसऱ्यांदा देव हसला. सरपंच म्हणाले देव खूश आहे, पुढे चला. निम्माच लावू, असं लिहिलेल्या माझ्या अर्जावर एकवीसही घरांनी सही केली. सू-लान काकू रोपवाटिका चालवतात, त्या शेतकरी नाहीत म्हणून त्यांची सही घेतली नाही. त्यांचं नुकसान होणार म्हणून मला वाईट वाटलं. मी त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, अगं, तू तुझा अभ्यास कर.

१९ ऑक्टोबर, शनिवार

घरी आले. सू-लान काकूंनी पेरूची अख्खी पेटी पाठवली आहे, माझ्या नावाने. क्षमाशील बाई. त्यांच्या दारात नवीन स्कूटर दिसली. आईला म्हटलं, धंदा अर्धा झाला असताना स्कूटर कशी परवडली? आई म्हणाली, बायकांकडे साठवलेलं असतं.

बाबा हल्ली फार कष्ट करताहेत. मी उठायच्या आत शेतावर जातात आणि अंधार पडल्यावर येतात. मी म्हटलं, निम्मंच लावलंय तर काम कमी व्हायला हवं. ते म्हणाले, निम्म्याला जपावं लागतं जास्त.

४ नोव्हेंबर, सोमवार

प्राध्यापिका वेन यांना प्रगती दाखवली. एकवीसपैकी एकवीस सह्या. त्यांनी सगळी पानं उलटून पाहिली आणि विचारलं, तू शेतात जाऊन पाहिलंस का? मी सांगितलं, बाई, ही आमच्या गावची माणसं आहेत, देवासमोर सह्या केल्या आहेत. “तू गावात वाढलीस?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. नक्की का, म्हणाल्या.

शहरात राहून माणसांचा विश्वास उडतो तो असा.

१६ नोव्हेंबर, शनिवार

रस्त्यावरून चक्कर मारली. रस्त्याकडेची सगळी वावरं बघितली. पुढे चार वाफे मटार, चार वाफे मेथी, अगदी मी सांगितलं तसं. आत जायला निघाले तर श्वेई-वांग काका आडवे आले. म्हणाले, आत फवारणी झाली आहे, जाऊ नकोस, पोरींच्या त्वचेला वाईट. आमच्या शेतात निघाले तर बाबा म्हणाले, आत साप निघाला आहे. पलीकडच्या गल्लीतल्या चुन-मेई आजींकडे गेले तर त्यांच्याकडेही फवारणी आणि सापही. यंदा सापांचं प्रमाण वाढलेलं दिसतं. वादळानंतर असं होत असावं, टिपून ठेवलं आहे.

जेवताना आईने विचारलं, तुझ्या बाई कधी बघायला येतात का? मी म्हटलं, नाही, त्या फक्त अहवाल वाचतात. आईने माझ्या ताटात मासा वाढला. डोक्याकडचा, जो बाबांचा असतो. बाबांनी शेपटीकडचा घेतला.

३० नोव्हेंबर, शनिवार

घरी गेले नाही. सांख्यिकी.

१४ डिसेंबर, शनिवार

माझी वसतिगृहातल्या खोलीतली मैत्रीण च्या-रोंग भूगोल विभागात आहे. तिच्याकडे ड्रोन आहे. अहवालाच्या मुखपृष्ठासाठी वरून फोटो काढू म्हणून तिला गावी घेऊन आले. डोळ्यांपुढे चित्र होतं, अर्धा हिरवा कोबी, अर्धं बाकी सगळं, मधे भूमिदेवाचं देऊळ. देवळाच्या अंगणातून यंत्र वर सोडलं. च्या-रोंग हातातल्या स्क्रीनकडे बघत म्हणाली, किती छान, सगळं एकसारखं.

मी स्क्रीन हिसकावून घेतला.

सगळा कोबीच होता. रस्त्याकडेला चार चार वाफ्यांची मटार-मेथीची झालर आणि तिच्या मागे जिथवर नजर पोचेल तिथवर कोबी. चुन-मेई आजींच्या कोंबड्यांच्या खुराड्यामागे कोबी. सरपंचांच्या घराच्या पडवीला टेकून कोबी. स्मशानाकडच्या उतारावर, जिथे माझ्या जन्मापासून गवताशिवाय काही उगवलं नाही, तिथे ओळीने कोबी. श्वेई-वांग काकांनी तर त्यांचा माशांचा तलाव बुजवून लावला होता. मी च्या-रोंगला म्हटलं, आमचं शेत दाखव. यंत्र फिरलं. आमच्या शेतात पंप ठेवायच्या खोपटाच्या चारही बाजूंनी कोबी होता. खोपटात जायला वाट राहिली नव्हती.

च्या-रोंगला काही कळलं नव्हतं. ती म्हणाली, हा फोटो मुखपृष्ठाला घ्यायचा ना?

१५ डिसेंबर, रविवार

आज सगळ्यांना अंगणात बोलावलं. फोटो मोठा छापून आणला होता, तो चहाच्या टेबलावर ठेवला. मला वाटलं माना खाली घालतील. पण झालं भलतंच. प्रत्येकाने फोटोत आपलं शेत सोडून बाकीच्यांची बघितली आणि प्रत्येकाचा चेहरा लालबुंद झाला. अरे, तू तर निम्मा लावणार होतास, असं एकवीस माणसं एकमेकांना म्हणत होती. सरपंच श्वेई-वांग काकांवर ओरडत होते, चुन-मेई आजी सरपंचांवर. प्रत्येकाला बाकीच्या वीसजणांचा मनापासून राग आला होता. देवासमोर सही करून असं वागणं शोभतं का, हे वाक्य मी कमीत कमी सहा तोंडांतून ऐकलं. शेवटी चहा न पिताच सगळे उठले.

घरी येऊन मी बाबांना गाठलं. ते भिंतीकडे तोंड करून बूट पुसत होते. कोरडे होते, तरी पुसत होते.

“तुम्हीसुद्धा,” मी म्हटलं.

“भाव राहणार होता.”

“कुणी सांगितलं?”

“तू.”

“सगळ्यांनी निम्मा लावला तर, असं सांगितलं होतं मी.”

“लावणारच होते सगळे. तू सांगितलं होतंस ना.” मग माझ्याकडे वळून जरा चिडूनच म्हणाले, “तुझ्यावर विश्वास नसता तर मी एवढा लावला असता का? दर साली लावतो त्याच्या दुप्पट लावलाय.”

मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. सगळ्या गावाने माझ्यावर विश्वास ठेवला, आणि एकानेही माझं ऐकलं नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार

भाव पडला. आमच्याच गावामुळे नाही, खालच्या गावांनीही लावलाच होता, पण आमचा वाटाही काही कमी नाही. कापायची मजुरीही निघत नाही.

बहुतेकांनी या वेळी काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. एकवीस सह्या आहेत, त्या जोडून ‘सल्ला पाळला गेला’ असं लिहिलं असतं. बाई फक्त अहवाल वाचतात. पण मी भयंकर चिडले होते. एकवीस घरांची नावं लिहिली, एकालाही सोडलं नाही, बाबांचं नाव सगळ्यांत वर. पुढच्या रकान्यात ‘सल्ला पाळला नाही, दुप्पट लावला’ एकवीस वेळा. मुखपृष्ठाला फोटो. आज देऊन आले. जिना उतरताना लक्षात आलं की रागाच्या भरात मी स्वतःलाच नापास करून आले आहे. परत वर जाऊन अहवाल मागायची लाज वाटली.

२८ डिसेंबर, शनिवार

घरी. न्याहारीला कोबी घातलेली पेज, दुपारी कोबीची मोदकासारखी उकडलेली पुरचुंडी, संध्याकाळी परतलेला कोबी आणि शेजाऱ्यांकडून आलेला खारवलेला कोबी. आम्हीही त्यांना खारवलेला कोबीच पाठवला.

आईने विचारलं, अहवालाचं काय झालं? मी खरं ते सांगितलं. या विषयात नापास म्हणजे दुसऱ्यांदा निम्मे उडाले, म्हणजे फेब्रुवारीत नाव कमी. मी ठरवलं होतं रडायचं नाही, तरी रडले. मला कृषी अर्थशास्त्र आवडत नाही असं मी तीन वर्षं सांगत आले आणि आता हातातून जाणार म्हटल्यावर कळलं की आवडतं. सांख्यिकी सोडून.

आई उठली. हात पुसले आणि श्वेई-वांग काकांकडची चाळणी परत करून येते म्हणून गेली, ती दोन तासांनी आली. चाळणी तिच्या हातातच होती.

३० डिसेंबर, सोमवार

बाईंनी बोलावलं. अहवाल टेबलावर होता. म्हणाल्या, एकवीसपैकी एकवीस? वीस समजलं असतं. इतकं स्वच्छ उत्तर शेतीत येत नाही, मी शनिवारी येऊन बघते.

आईला फोन करून सांगितलं. बाईंना जेवायला काय करू, एवढंच विचारलं तिने. कोबी सोडून काहीही, मी म्हटलं.

२ जानेवारी, गुरुवार

घरी फोन केला. आई म्हणाली, आत्ता बोलायला वेळ नाही, ट्रॅक्टर आलाय. जानेवारीत कसला ट्रॅक्टर? मागे खूप जणांचा गलका ऐकू येत होता. कुणाचं लग्न असेल तर मला सांगायला हवं होतं.

४ जानेवारी, शनिवार

हे सगळं नीट क्रमाने लिहायला हवं.

बाईंच्या गाडीतून गेले. त्यांनी स्वतःचे रबरी बूट आणले होते, टाचा झिजलेले. नदीवरचा पूल ओलांडल्यापासूनच वास यायला लागला. कच्च्या कोबीचा, चिरडलेला, गोडसर, नाकात बसणारा. बाईंनी काच खाली केली, हुंगलं आणि पुन्हा वर केली.

गाव देवळाच्या अंगणात उभं होतं. सगळे धुतलेल्या शर्टांत. आणि त्यांच्या मागे शेतं होती. प्रत्येक शेत अगदी मधोमध, दोरी लावून आखल्यासारखं, अर्धं हिरवं आणि अर्धं नुकतंच नांगरलेलं. काळी ओली माती आणि तिच्यात पांढऱ्या पानांचे तुकडे. एकवीसही शेतं. स्मशानाकडचा उतारसुद्धा.

बाईंच्या हातात माझा अहवाल होता, त्याच्या मुखपृष्ठावर तोच वरून काढलेला फोटो.

श्वेई-वांग काका पुढे आले. त्यांना आजवर मी टोपी काढून कुणाशी बोलताना पाहिलेलं नाही, आज काढली होती.

“आम्ही निम्माच लावला, बाई. पोरीने सांगितलं होतं तसा.”

बाई म्हणाल्या, “तिने तर लिहिलंय तुम्ही दुप्पट लावला.”

“लहान आहे. आकड्यांत कच्ची आहे,” काका म्हणाले. “तुम्ही तिला सांख्यिकी नीट शिकवा.”

मी तोंड उघडलं. मागून आईने माझ्या कमरेला असा चिमटा काढला की ते आपोआप मिटलं.

बाई अंगणातून उतरून शेतात गेल्या. सगळं गाव मागोमाग. त्यांनी बुटाच्या टोकाने माती उकरली. अख्खा गड्डा वर आला, चांगला दोन किलोचा.

“हे काय?”

“खत,” सरपंच म्हणाले.

“कोबीचं?”

“सेंद्रिय आहे,” चुन-मेई आजी म्हणाल्या.

बाईंनी गड्डा उचलला, माती झटकली, वरची पानं सोलली आणि आतलं एक पान तोडून खाल्लं. मग आणखी एक. गड्डा त्यांनी काखेत धरून ठेवला. जेवायच्या वेळी आईने बदक केलं होतं. बाईंनी दोनदा भात घेतला आणि बाबांशी मातीविषयी बोलत बसल्या. त्यांचे वडीलही इकडचेच, नदीच्या दक्षिणेचे, असं निघालं. अहवालाचं नाव नाही.

आयुष्यात पहिल्यांदा मी शंभर टक्के खरा अहवाल लिहिला आणि तो एकवीस घरांनी ट्रॅक्टर लावून खोटा पाडला. परत येताना मी बाईंना म्हटलं, मी खोटं लिहिलं नव्हतं, शपथ घेते. त्या रस्त्याकडे बघत गाडी चालवत होत्या. म्हणाल्या, “सल्ला पाळला गेलाय. उशिरा पाळला, पण पाळलाय. का, ते विचारून आण. आठ दिवस.”

११ जानेवारी, शनिवार

आठवडाभर गाव आणि ताइचुंग अशा खेपा. फॉर्म तयार केला. कोबी नांगरून टाकण्याचं कारण: भाव नाही, मजूर नाहीत, रोग पडला, जमिनीला विश्रांती, इतर. बिनचूक फॉर्म, पुस्तकातल्यासारखा.

पण या माणसांना सरळ उत्तर म्हणून देता येत नाही. श्वेई-वांग काका म्हणाले, मेहुण्याचा ट्रॅक्टर मोकळा उभा होता, बघवेना. मी विचारलं, म्हणजे भाव नाही म्हणून? नाही नाही, म्हणाले, भावासाठी नांगरायचं असतं तर सगळाच नांगरला असता, निम्मा कशाला ठेवला असता. सरपंच म्हणाले, गुडघे दुखत होते. गुडघे दुखत असताना नांगरलं का? हो, म्हणाले, व्यायाम. चुन-मेई आजी म्हणाल्या, हिरवा रंग फार झाला होता डोळ्यांना. एकाने सांगितलं बायको म्हणाली म्हणून, आणि बायको म्हणाली नवरा म्हणाला म्हणून. सू-लान काकूंचं स्वतःचं शेतच नाही, तरी त्या दोन दिवस ट्रॅक्टरच्या मागे गड्डे मातीखाली ढकलत होत्या असं कळलं. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, रोपं माझ्याकडचीच होती, निरोप द्यायला गेले.

प्रत्येकाने मला काही ना काही खायला दिलं. रताळं, पेरू, तिळाची वडी. कोबी कुणीही दिला नाही.

सगळ्यांत शेवटी बाबा. स्वयंपाकघरात टेबलाशी समोरासमोर बसलो, मी पेन घेऊन.

“ल्याओ चिन-थू यांचं कारण?”

त्यांनी फॉर्म माझ्या हातातून घेतला, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला. मग बोट एका रकान्यावर ठेवलं.

“इतर.”

“इतर म्हणजे काय ते लिहावं लागतं.”

“इतर म्हणजे इतर. तुझ्या पुस्तकात नसेल.”

मला राग आला. मी त्यांना म्हटलं, अशानेच या देशात शेतीचं संशोधन मागे पडलं आहे. ते हो म्हणाले आणि भाजीला पाणी द्यायला निघून गेले.

तक्ता तयार झाला. भाव नाही, शून्य. मजूर नाहीत, शून्य. रोग, शून्य. विश्रांती, शून्य. इतर, एकवीस. आमच्या विभागात याहून निकामी तक्ता कुणी केला नसेल. निष्कर्षाच्या जागी काय लिहावं ते सुचेना. ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ असं लिहून दिलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

निकाल. एकसष्ट. साठाला पास.

मी पास आहे. मी पास आहे. जिन्यात बसून च्या-रोंगला फोन केला, मग आईला. आई म्हणाली बरं झालं, आणि फोन ठेवायच्या आधीच अंगणातून कुणाला तरी हाक मारत होती.

अहवाल परत घेतला. तक्त्याखाली बाईंनी लाल पेनाने लिहिलं आहे: ‘तक्ता अचूक. निष्कर्ष चुकला. अधिक संशोधनाची गरज नाही.’ त्यांना भेटून विचारलं, मग निष्कर्ष काय लिहायला हवा होता? त्या कपाट आवरत होत्या. म्हणाल्या, “मी गुण कापलेत, उत्तर सांगणं माझं काम नाही. घरी जाऊन जेव.” दार लोटताना मी मागे पाहिलं. त्या हसत होत्या. हे विभागात सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही.

एकोणचाळीस गुण कशाचे कापले ते मात्र अजून कळलेलं नाही.

२६ जानेवारी, रविवार

चांद्र नववर्षासाठी घरी आले. परवा सण. आईने सकाळपासून मला कामाला जुंपलं, दाराला शुभेच्छांच्या लाल पट्ट्या चिकटव, तांदळाचा केक वाफेवर चढव. दुपारी चहाच्या वेळी श्वेई-वांग काका आले, मागे सरपंच, चुन-मेई आजी, आणखी पाच-सहाजण. सगळे बैठकीत दाटीवाटीने बसले. बाबांनी चहा केला. मी मनात म्हटलं, आता वसंतातल्या लागवडीविषयी विचारणार. गाजर की कांदा, किती, कुठे. माझं उत्तर तयार होतं. या वेळी मी कुणालाही काहीही सांगणार नव्हते, कारण सांगितलं की लोक विश्वास ठेवतात.

काकांनी चहाचा घोट घेतला.

“पुढच्या सत्रात विषय कोणते?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, शेतीचा पतपुरवठा, भूमी धोरण, आणि सांख्यिकी पुन्हा.

त्यांनी सरपंचांकडे पाहिलं. सरपंचांनी बाबांकडे. बाबा किटलीकडे बघत होते.

“त्यातला अवघड कुठला?” काका म्हणाले. “काय नांगरायला लागेल ते आत्ताच सांगून ठेव. मागच्या वेळी फार घाई झाली.”

कुणी हसलं नाही. सगळे खरोखर माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी किटली बाबांच्या हातातून घेतली आणि एकेकाच्या पेल्यात चहा ओतत गेले, आधीच भरलेल्यांच्याही. टेबलभर सांडला. काकांनी शर्टाच्या बाहीने पुसला आणि म्हणाले, राहू दे पोरी, नंतर सांग.